नळी उघडली, पण चाऱ्यांचं काय?

“अँजिओप्लास्टी झाली, नळी उघडली, आता कशाला भ्यायचं?” असं गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच. पण साखरेचा आजार असेल तर हे अर्धंच खरं आहे. डॉक्टरांनाही ते कळायला बरीच वर्षं लागली. तीच हकिगत आज आपण ऐकू.

मधुमेह हा शब्द आपल्याकडचाच. लघवीला मुंग्या लागतात हे जुन्या वैद्यांना ठाऊक होतं. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत दवाखाना उभारला, तेव्हा जगात कुठेच इन्शुलिन नव्हतं. ते १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोला सापडलं. साखरेचे रोगी जगू लागले, आणि मग दिसलं की हा आजार डोळे, किडनी, पाय आणि हृदयही पोखरतो.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून हजारो स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षं तपासणी झाली. १९७९ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी मांडलं की साखरेमुळे हृदयविकाराचा धोका बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त पटींनी वाढतो. बाईला निसर्गानं दिलेलं संरक्षण साखर हिरावून घेते.

१९७७ मध्ये झुरिकला डॉ. ग्रुंटझिग यांनी फुग्यानं हृदयाची नळी उघडली. १९८० मध्ये फर्चगॉट यांनी दाखवलं की रक्तवाहिनीचं आतलं नाजूक अस्तरच तिला सैल व्हायला सांगतं. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की हे अस्तर बिघडतं आणि बारीक वाहिन्या नीट फुलत नाहीत.

टेंभूच्या पाण्याची वाट पाहिलेल्या आपल्याला हे लगेच समजेल. मोठा पाट साफ केला, पण शेतातल्या चाऱ्या बुजलेल्या असल्या, तर शेवटचा वाफा कोरडाच राहतो. झटक्यानंतर मोठी नळी उघडली तरी काही वेळा बारीक वाहिन्यांतून रक्त पुढे सरकत नाही. साखर असलेल्यांत हे जास्त घडतं. मग हृदयाचा स्नायू दुबळा होतो, दम लागतो, पायांवर सूज येते.

म्हणून स्टेंट बसवला की काम संपलं असं नाही. साखर आणि रक्तदाब तपासत राहायचं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. मिश्री सोडायची, कारण तंबाखूही हेच अस्तर बिघडवते.

आणखी एक. साखरेनं नसा बधिर होतात, म्हणून झटका आला तरी छातीत कळ येईलच असं नाही. अचानक दम, गार घाम, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, कधी नव्हे एवढा थकवा जाणवला, तर “पित्त असेल” म्हणत भाकरी थापत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. घरातल्या सगळ्यांसाठी आपण धावतोच. त्या दिवशी स्वतःसाठी धावू या.