चॉकलेट, हैदराबाद आणि ‘मनम’

आमच्या धर्माबादेकडे ‘चॉकलेट’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. कागदात गुंडाळलेली कोणतीही गोड गोळी म्हणजे चॉकलेट. वाढदिवसाला मुले वर्गभर चॉकलेटे वाटतात. प्रत्यक्षात त्या साखरेच्या, आंब्याच्या नाहीतर पेपरमिंटच्या गोळ्या असतात. शेजारच्या तेलुगू घरांतही हीच रीत. भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांना ही चूक वाटेल. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा चुकांतच पुष्कळदा धागा सापडतो.

खरे चॉकलेट कोकोच्या बियांचे. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. तिथले लोक त्याचे कडवट पेय करीत. स्पॅनिश लोकांनी ते सोळाव्या शतकात युरोपात नेले आणि पुढे त्यात साखर मिसळली. १८२८ साली हॉलंडमध्ये कोकोतील स्निग्धांश दाबून वेगळा करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले गेले. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने खाण्याची वडी तयार केली, तर १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटरने तिच्यात दूध घातले. म्हणजे आपण ज्याला चॉकलेटची मूळ चव समजतो ती दुधाळ चव जेमतेम दीडशे वर्षांची.

भारतात कोकोची रोपे ईस्ट इंडिया कंपनीने १७९८ साली दक्षिणेत कुर्ताळमला लावली, असे नमूद आहे. पण पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ त्याचे पीक म्हणावे असे काही झाले नाही. १९४८ साली कॅडबरी भारतात आली ती आयात मालावर. केरळात लागवडीला चालना मिळाली ती १९६५ नंतर. आपल्याकडे कोको नव्हता, ऊस मात्र होता. वालचंद हिराचंद यांनी मालेगाव तालुक्यात १९३३ साली रावळगावचा साखर कारखाना उभारला आणि पुढच्या दशकात तिथे गोळ्या होऊ लागल्या. आमच्या पिढीचे ‘चॉकलेट’ ते हेच. कोको परदेशचा आणि महाग, साखर घरची आणि स्वस्त. तेव्हा नाव परक्याचे आणि पदार्थ आपला, अशी तडजोड झाली. शब्दाच्या सैलपणाचे मूळ इथे आहे.

खरे चॉकलेट मी प्रथम खाल्ले ते हैदराबादेत. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. राज्य विभागले तरी सोयरीक विभागली गेली नाही. आमची आत्या काचीगुड्याला राहायची. मीटरगेजच्या गाडीने आम्ही सुट्टीत तिच्याकडे जायचो. परतीच्या दिवशी ती एक वडी आणून चाकूने तिचे तुकडे करी आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवी. तो चावायचा नाही, विरघळू द्यायचा, असा तिचा दंडक होता.

आज त्याच हैदराबादेत चित्र पालटले आहे. आंध्र प्रदेश कोकोच्या उत्पादनात देशात पुढे गेला असून पश्चिम गोदावरीच्या पट्ट्यात नारळ आणि पामच्या सावलीत कोको पिकतो. त्या मालापासून चॉकलेट बनवणारा ‘मनम’ हा कारखाना-दुकान चैतन्य मुप्पाला यांनी २०२३ साली बंजारा हिल्सवर सुरू केला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या ‘टाइम’ नियतकालिकाने जगातील पाहण्याजोग्या ठिकाणांत त्याची गणना केली. बिया गरासकट काही दिवस आंबवतात, वाळवतात, भाजतात, मग दीर्घकाळ दळतात. चव घडते ती प्रामुख्याने आंबवण्यात आणि भाजण्यात. म्हणून एका वडीत आंबूस फळाची झाक येते, दुसरीत भाजक्या शेंगदाण्याची, तिसरीत काकवीची. घाईने आंबवलेली बी नंतर कितीही साखर घातली तरी सुधारत नाही. म्हणजे चवीचा अर्धा मान शेतकऱ्याचा. जगभर मात्र कोको पिकवणारा एकीकडे आणि खाणारा दुसरीकडे, असाच व्यवहार चालत आला आहे. मंगळूरच्या ‘कॅम्पको’ या १९७३ सालच्या सहकारी संस्थेने १९८६ मध्ये पुत्तूरला कारखाना काढून तो व्यवहार बदलण्याचा मोठा प्रयत्न केला, हे सीमाभागातील कन्नड-मराठी वाचकांना ठाऊक असेलच.

गेल्या दिवाळीत मी बंजारा हिल्सवरून सत्तर टक्के कोकोची एक वडी आणली. आमच्या शाळेतील पालकाला ती परवडणारी नव्हे, म्हणून नववीच्या वर्गात नेली आणि आत्याप्रमाणेच तिचे तुकडे केले. बहुतेकांनी तोंड वाकडे केले. एकाने ‘सर, हे बिघडलंय’ असे जाहीर केले. वेष्टनावरचे नाव मी वाचून दाखवले, तेव्हा घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी उठून म्हणाली, “सर, मनम म्हणजे आपण. मेमु म्हणजे आम्ही.”

एरवी ही मुलगी वर्गात तेलुगू शब्द ओठावर आला तर गिळून टाकते. तिने नकळत फार मोठी गोष्ट सांगितली. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा भेद मराठीत आहे; हिंदीत तो नाही. द्राविडी भाषांच्या शेजारामुळे तो मराठीत रुजला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ज्या दुभाषी बोलीची आपल्या मुलांना लाज वाटते, त्याच शेजाराने आपल्या भाषेला हा शब्दभेद दिला. हे मी फळ्यावर लिहिले. ती मुलगी वहीत उतरवून घेत होती.

रावळगावच्या गोळ्यांची नावे आणि कृती २०२४ साली २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीकडे गेल्या. बाजारात असे चालायचेच. तास संपताना मुलांनी विचारले, “सर, आता नेहमीचं चॉकलेट द्या ना!” मी खिशातून रावळगावची पुडी काढली. त्यांच्या शब्दाला मी चूक म्हटले नाही.