मिस्तर आणि अंगठा

मागच्या ईदला मुलुंडला बहिणीकडे गेलो होतो. शीरखुर्मा झाल्यावर भाच्याने टीव्हीवर गोल्फचा गेम लावला आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. लांबचे फटके कसेबसे जमले. पण भोक चार पावलांवर आलं की चेंडू हलकेच ढकलायचा असतो. त्याला पटिंग म्हणतात. तिथे माझा प्रत्येक चेंडू भोकाच्या बाजूने निघून गेला. भाचा म्हणाला, "मामू, अंगठा सरळ ठेवा ना!"

वीस वर्षं मी वर्गात मुलांना हेच सांगत आलोय. हात सरळ ठेव, ओळ सोडू नकोस. आता तेच मला ऐकावं लागलं, म्हणून या सरळपणाचा इतिहास पाहायला बसलो.

आमच्या लहानपणी घाटकोपरच्या पोरांसाठी गोल्फ दोनच ठिकाणी होता. एक चेंबूरला, 1927 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबमध्ये. तो जवळ होता, पण आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरा गल्लीतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात, 'हजारो गेम्स' असं लेबल लावलेल्या पिवळ्या कॅसेटमध्ये. मारिओ आणि काँट्रावरून भांडणं व्हायची. गोल्फ कुणालाच नको असायचा, त्यामुळे तो माझ्या वाट्याला यायचा.

तो गेम निन्टेंडोने 1984 मध्ये जपानमध्ये काढला होता. प्रोग्राम लिहिला होता सातोरू इवाता यांनी. ते तेव्हा एचएएल लॅबोरेटरी या छोट्या कंपनीत होते. पुढे 2002 मध्ये निन्टेंडोचे अध्यक्ष झाले आणि 2015 मध्ये वारले. आज मोबाइलवरच्या एका फोटोला लागते त्याहून कितीतरी कमी जागेत त्यांनी अठरा होलचं मैदान बसवलं.

त्या गेममध्ये फटका मारायला एकच बटण होतं. एकदा दाबलं की पट्टीवर खूण सरकू लागे. दुसऱ्यांदा दाबलं की जोर ठरे. तिसऱ्यांदा बरोबर रेषेवर दाबलं तर चेंडू सरळ, लवकर किंवा उशिरा दाबलं तर वाकडा. म्हणजे त्या काळी सरळपणा हातात नव्हता, वेळेत होता. बोट थरथरलं तरी चालायचं, वेळ चुकली की संपलं.

मग कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायच्या स्टिक आल्या. निन्टेंडो 64 ची 1996 मध्ये, सोनीच्या ड्युअलशॉकच्या दोन 1997 मध्ये. गोल्फचे गेम बनवणाऱ्यांना वाटलं, आता बटण कशाला? स्टिक मागे ओढा आणि पुढे ढकला, जशी काठी मागे नेऊन पुढे आणतात. सरळपणा वेळेतून अंगठ्यात आला.

अडचण इथेच आहे. स्टिकच्या आत दोन मोजपट्ट्या असतात, एक वर-खाली मोजते, दुसरी डावी-उजवी. सोनीच्या कंट्रोलरमध्ये प्रत्येकीचा आकडा 0 ते 255 असा बदलतो आणि मध्य 128 च्या आसपास असतो. सरळ पट म्हणजे पहिला आकडा बदलत असताना दुसरा जवळजवळ जागच्या जागी राहणं. पण आपला अंगठा मुळाच्या सांध्यावर फिरतो. त्याची नैसर्गिक चाल रेघ नाही, कमान आहे. म्हणून कंट्रोलर हातात थोडा वळवून धरावा लागतो, अंगठ्याची ओढ आणि स्टिकची उभी रेघ एक होईपर्यंत. स्टिक खालच्या कडेला टेकेपर्यंत ओढायची आणि मध्येच न थांबता वरच्या कडेपर्यंत न्यायची. भाच्याने हे कधी शिकवलं नाही. त्याच्या अंगठ्याला ते आपोआप कळलं होतं.

निन्टेंडो 64 च्या स्टिकभोवतीची चौकट अष्टकोनी होती. सरळ खाली ओढलं की अंगठा कोपऱ्याच्या खाचेत बसायचा. सोनीची चौकट गोल, तिथे असा आधार नाही.

ती अष्टकोनी चौकट पाहिली आणि मला मिस्तर आठवला. जुने कातिब कोऱ्या कागदावर लिहीत, तरी त्यांच्या ओळी सरळ कशा? मिस्तर म्हणजे जाड पुठ्ठ्यावर समान अंतरावर ताणलेले दोरे. त्यावर कागद ठेवून बोटाने दाबला की शाईशिवाय ओळी उमटत. नस्तालीकमधला शब्द उजवीकडून वरून खाली तिरका उतरतो, त्यामुळे पायाची रेघ चुकली तर सगळं पान घसरतं. ज्यांच्या हाताची आपण तारीफ करतो, त्या उस्तादांच्या कागदाखालीही दोरे होते.

गेमवाल्यांनाही हे उशिरा का होईना उमगलं. 2022 मध्ये आलेल्या 'पीजीए टूर 2के23' मध्ये स्टिकच्या जोडीला तीन वेळा बटण दाबण्याची जुनी पद्धत परत आली. ज्याचा अंगठा सरळ जात नाही, त्याने वेळ सांभाळावी. सरळ म्हणजे किती सरळ, किती वाकडं माफ, हे शेवटी कुणीतरी बसून ठरवत असतं.

वर्गात ते ठरवणारा मी होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता. उत्तरं बरोबर, पण ओळी खाली उतरत जायच्या. मी लाल शाईने 'ओळ सोडली' असं लिहून मार्क कापायचो. त्याचा हात कापतो, हे मला वर्ष संपताना त्याच्या अम्मीकडून कळलं. मी त्याला रोज सरळ लिहायला सांगितलं, पण कोऱ्या कागदाखाली ठेवायला एक आखलेला ताव कधी दिला नाही.

जुम्म्याला इमामसाहेब सफ सरळ करायला सांगतात, तेव्हा आपण खाली बघतो आणि टाचा जाजमावरच्या रेघेला लावतो. खुदाच्या घरातसुद्धा नुसत्या अंदाजावर कुणाला सोडलेलं नाही.

आता माझ्या टेबलाच्या खणात जाड काळ्या रेघांचे दहा ताव असतात. ज्याला हवा त्याने न विचारता घ्यावा.