कुणाकडे जायचंय?

मंडळी, गोष्ट २०२४ च्या डिसेंबरातली. भाच्याचं लग्न जळगावला होतं. मी धुळ्याहून एस.टी.ने आदल्या दिवशीच बहिणीकडे जाऊन बसलो होतो. चिरंजीव हैदराबादहून विमानाने येणार होते. जळगावचं विमानतळ अजिंठ्याच्या रस्त्याला, कुसुंबा शिवारात; शहरापासून पाच-सहा किलोमीटर. "घ्यायला येतो," म्हटलं, तर फोनवर उत्तर आलं, "बाबा, तुम्ही कशाला येता? गाडी सांगितली आहे. आणि मी हॉटेलात उतरतोय."

सख्ख्या आत्याचं घर गावात, आणि हा हॉटेलात! मी तणतणत रिक्षा केली आणि गेलोच. चिरंजीव चाकांच्या दोन बॅगा दोन हातांनी ओढत बाहेर आले. गाडीवाल्याने बॅगा डिकीत टाकल्या आणि विचारलं, "साहेब, हॉटेल कोणतं?"

एवढ्या एका प्रश्नाने मी पासष्ट वर्षं मागे गेलो.

माझं आजोळ धुळ्याचं. तेव्हा आम्ही नाशिकला राहायचो. नाशिकरोडला गाडीत बसायचं, चाळीसगावला उतरायचं आणि सगळं सामान घेऊन धुळ्याची गाडी धरायची. सामान म्हणजे पत्र्याची ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि आईच्या दोन पिशव्या. धुळ्याला उतरलं की लाल सदऱ्याचा, दंडावर पितळी बिल्ला लावलेला हमाल पुढे यायचा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ट्रंक, ट्रंकेवर वळकटी. उचलण्याआधी एकच प्रश्न: "कोनाघर जानं शे, माय?"

कुठे नाही, कुणाच्या घरी! आजोबांचं नाव सांगितलं की बाहेरच्या टांगेवाल्याला गल्ली नंबर सांगावा लागत नसे. आणि मंडळी, धुळं म्हणजे नंबरांच्या गल्ल्यांचं गाव. तरी नंबर लागायचा नाही, नाव पुरायचं.

आता थोडा इतिहास. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांत जी.आय.पी. कंपनीचे रूळ खानदेशात आले. जळगाव मुख्य मार्गावर पडलं, धुळं बाजूला राहिलं. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन ब्रिग्जने जे गाव जिल्ह्याचं ठाणं केलं, त्याच गावाला रेल्वेसाठी १९०० सालापर्यंत थांबावं लागलं. चाळीसगाव-धुळे हा छप्पन्न किलोमीटरचा फाटा झाला तेव्हा कुठे धुळ्याच्या माणसाची चाळीसगावापर्यंतची बैलगाडी सुटली. हे सगळं पुस्तकांत सापडतं. रूळ कधी पडले, घाट कसा फोडला, सगळं. पण स्टेशनापासून बिऱ्हाडापर्यंतचे जे शेवटचे दोन मैल, त्यांचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही. खरी परीक्षा तर तिथेच असते. गाडी तिकीट असलेल्या सगळ्यांना आणून सोडते. पुढे कोण कुणाला नेणार, हे गाव ठरवतं.

"कोनाघर जानं शे" या प्रश्नातल्या आपुलकीचं कौतुक मी वर्गात अनेक वर्षं केलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटंसं आत्मकथन वाचलं आणि वाचून गप्प झालो. त्यातला एक प्रसंग आमच्याच चाळीसगावचा आहे.

साल १९२९. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते आणि अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. त्या कामासाठी ते खानदेशात आले होते. धुळ्याकडून परतताना चाळीसगावला त्यांना गाडी बदलायची होती. म्हणजे मी लहानपणी ट्रंकेवर बसून वाट पाहिली, तेच स्टेशन. तिथल्या महारवाड्यातली (तेव्हाचा शब्द) मंडळी स्टेशनावर आली होती. एक रात्र आमच्याकडे राहाच, असा त्यांचा आग्रह. ते राहिले. पण टांगा काही येईना. बराच वेळ ताटकळावं लागलं. वस्ती स्टेशनापासून दूर होती. शेवटी एक टांगा आला आणि ते निघाले.

खरी गोष्ट त्यांना नंतर वस्तीत कळली. एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार नव्हता. पाहुण्याला पायी नेणं वस्तीतल्या माणसांना कमीपणाचं वाटत होतं. मग तडजोड झाली: टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा मिळणार नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. बिचाऱ्याने आधी कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या कठडा नसलेल्या फरशीवर चाक दगडांत अडकलं, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत गेले. बाबासाहेबांचा पाय मोडला.

त्याच पुस्तकात लहानपणीचाही एक प्रसंग आहे. साताऱ्याकडच्या मसूर स्टेशनावर भावंडं उतरलेली, वडिलांचा माणूस घ्यायला आलेला नाही. स्टेशनमास्तरने तुम्ही कोण म्हणून विचारलं, मुलांनी खरं सांगितलं आणि त्याचा चेहराच बदलला. बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाड्याने, आणि तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. गाडीवान शेजारून पायी चालला.

म्हणजे "कुणाकडे जायचंय?" या प्रश्नाला दोन टोकं होती. आमच्या आजोबांचं नाव सांगितलं की ते दार उघडायचं, आणि दुसऱ्या कुणी आपली वस्ती सांगितली की तेच दार बंद व्हायचं. आपुलकी खोटी नव्हती हो. पण ती कुणासाठी होती, हे मी कधी विचारलं नव्हतं. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने हा प्रश्न वर्गात विचारायला हवा होता. मी विचारला नाही, ही रुखरुख आजही आहे.

पुढचा इतिहास सामानाचा. १९७१ मध्ये आपल्याकडे व्हीआयपी कंपनी निघाली आणि ट्रंकेची जागा कडक सुटकेसने घेतली. पुढे त्यांचा एक कारखाना जळगावच्या औद्योगिक वसाहतीतही आला. तिकडे अमेरिकेत १९७२ मध्ये बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या बॅगेचं पेटंट मिळालं. ती बॅग पट्ट्याने आडवी ओढायची होती. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने दोन चाकं आणि लांब दांडा लावून ती उभी केली. हमालाचं निम्मं काम त्या दांड्याने संपवलं. २००८ मध्ये रेल्वेने परवानाधारक हमालांना आपल्या नोकरीत घेण्याची घोषणा केली, २०१६ च्या रेल्वे अंदाजपत्रकात 'कुली'चं नाव 'सहायक' झालं. नाव बदललं, डोक्यावरचा भार तोच राहिला.

विमानाचं म्हणाल तर जळगावच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन मार्च २०१२ मध्ये झालं, तेही जळगावच्याच लेकीच्या, त्यावेळच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते. मात्र 'उडान' योजनेतलं पहिलं विमान यायला डिसेंबर २०१७ उजाडला. ते होतं एकोणीस आसनांचं. मग सेवा कधी चालू, कधी बंद. २०२४ मध्ये पुन्हा विमानं सुरू झाली, म्हणून तर आमचे चिरंजीव हैदराबादहून थेट आले. धुळ्याच्या गोंदूरला धावपट्टी आहे, पण तिथे वैमानिक शिकतात. आम्ही आपले एस.टी.वाले.

तर, "साहेब, हॉटेल कोणतं?" या प्रश्नाचा मला राग आला होता. पण त्या गाडीवाल्याने मुलाला कुळी विचारली नाही, गल्ली विचारली नाही. चाळीसगावच्या टांगेवाल्याने १९२९ मध्ये एवढाच प्रश्न विचारला असता, तर?

संध्याकाळी बहिणीजवळ मी कुरकुर केलीच. "घर असताना पोरगा हॉटेलात राहतो, तुला वाईट नाही वाटलं?" ती भरीत करायला वांगी भाजत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, खरं सांगू? बरं झालं. मामाकडे रात्री दोनच्या गाडीने पाहुणा आला तरी चूल पेटायची. पेटवायचं कोण, आठवतंय का? मामी. तुम्ही सगळे अंगणात गप्पा मारत बसायचा."

मला आठवत होतं. फक्त मी ते ओझ्यात कधी धरलं नव्हतं. ट्रंक हमालाच्या डोक्यावर होती, हे दिसायचं. त्या ट्रंकेमागून घरात येणारं काम कुणाच्या पाठीवर होतं, ते माजघरात राहायचं.

चिरंजीव तीन दिवस झोपायला हॉटेलात आणि जेवायला आत्याकडे होते. रात्री उशिरापर्यंत गप्पा झाल्या. निघताना आत्याने बिबड्या, शेव, केळीचे वेफर्स आणि कसल्या कसल्या डाळी इतक्या भरल्या की बॅगेचं कुलूप लागेना. घराच्या चार पायऱ्या उतरताना चाकांचा काही उपयोग नव्हता. एक बाजू त्याने धरली, एक मी.

असो. तुमच्या गावच्या स्टेशनावर उतरल्यावर कोण काय विचारायचं, ते आठवून पाहा. आणि तो प्रश्न कुणाला विचारला जात नसे, तेही.