विमान कंपनी बुडते तेव्हा तुम्ही रांगेत कितवे?

एसटीत कंडक्टर पैसे घेतो तेव्हा आपण गाडीत बसलेलो असतो. विमानाचं तसं नाही. पैसे आज भरायचे आणि उडायचं महिना-दोन महिन्यांनी. तोवर पैसे कंपनीच्या हातात, आपल्या हातात फक्त तिचा शब्द. म्हणजे तिकीट काढलं की आपण नकळत कंपनीला उधारच देतो. ती मधेच बुडाली तर आपण प्रवासी राहत नाही, धनको होतो. आणि धनकोंची रांग असते.

रांगांचं गणित हा माझ्या पीएचडीचा विषय. म्हणून हा इतिहास आज रांगेच्या अंगाने सांगतो. वऱ्हाडात तो आत्ताच सांगायचं कारणही आहे. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून अलायन्स एअरचं मुंबईचं विमान सुरू झालं. त्याआधी अमरावती काय आणि अकोला काय, विमान म्हटलं की नागपूरच. अकोल्याच्या शिवणीला तर अजून नियमित विमान नाही. पण तिकिटं आता घरोघरी निघतात.

१९५३ साली सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. पुढची जवळपास चाळीस वर्षं हा प्रश्नच नव्हता. सरकारी कंपनी तोट्यात गेली तरी बंद पडत नसे. नव्वदीत खासगी कंपन्या आल्या: ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त. दशक संपायच्या आत ही तिन्ही नावं आकाशातून गेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर थांबली. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईकडे निघालं. २ मे २०२३ ला गो फर्स्टने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणं बंद.

जेट आणि गो फर्स्टच्या वेळी एक नवी गोष्ट होती, २०१६ ची दिवाळखोरी संहिता. गो फर्स्टच्या वेळी काय झालं बघा. ४ मे ला डीजीसीएने कंपनीला सांगितलं, नियमाप्रमाणे प्रवाशांचे पैसे परत करा. १० मे ला न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला आणि कंपनीवरच्या दाव्यांना स्थगिती लागली. परताव्याचा नियम चालू कंपनीसाठी असतो. दिवाळखोरी सुरू झाली की जुनी देणी रांगेत जातात.

ही रांग संहितेच्या कलम ५३ मध्ये लिहिलेली आहे. सगळ्यात आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची थकबाकी आणि तारण घेतलेल्या बँका. मग इतर कर्मचाऱ्यांचे पगार. मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी. त्यानंतर ‘उरलेली देणी’. तिकीटवाला इथे उभा असतो, सहाव्या पायरीवर. त्याच्या मागे फक्त भागधारक.

आमच्या गणितात याला अग्रक्रमाची रांग म्हणतात. तिचा एक साधा निष्कर्ष आहे: पुढच्या गटांचंच काम खिडकीच्या क्षमतेइतकं असेल, तर मागच्याचा नंबर कधीच लागत नाही. उशीर होतो असं नाही, लागतच नाही. गो फर्स्टवर बँकांचंच कर्ज सुमारे ६,५२१ कोटींचं होतं. विमानं बहुतेक भाड्याची. मग सहाव्या पायरीपर्यंत काय झिरपणार? शेवटी २० जानेवारी २०२५ ला कंपनी मोडीत काढायचा आदेश झाला. जेटच्या बाबतीत तोच आदेश सुप्रीम कोर्टाने ७ नोव्हेंबर २०२४ ला दिला, विमानं थांबल्यावर साडेपाच वर्षांनी.

म्हणून खरा उपाय रांगेत पुढे सरकायचा नाहीच, वेगळ्या रांगेत उभं राहायचा आहे.

कार्डाने पैसे भरले असतील तर लगेच आपल्या बँकेत ‘चार्जबॅक’ मागा, कारण लिहा ‘सेवा मिळाली नाही’. स्थगिती कंपनीवर असते, तुमच्या बँकेवर नाही. याला मुदत असते, म्हणून वाट बघत बसू नका. यूपीआय किंवा रोख दिले असतील तर हा रस्ता इतका सोपा नाही.

तिकीट स्वतःहून रद्द करू नका. कंपनीने रद्द केलं, हाच तुमचा पुरावा. तो मेसेज, पीएनआर, पैसे भरल्याची नोंद, सगळं जपून ठेवा. पैशांऐवजी ‘पुढच्या प्रवासाचं क्रेडिट’ देऊ केलं तर घेऊ नका. ती जुनीच उधारी, नव्या कागदावर. एजंटाकडून तिकीट काढलं असेल तर त्याची पावती घ्या, आणि त्याने पैसे कसे भरले तेही विचारा. प्रवास विमा असेल तर कंपनीची दिवाळखोरी त्यात धरली आहे का, ते वाचा. आणि रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे दावा करायला विसरू नका. जाहीर सूचना निघते, मुदत साधारण १४ दिवसांची असते. आशा कमी, पण खर्चही नाही.

दुसरीकडे ही रांगच बदललेली आहे. ब्रिटनमध्ये १९७४ साली कोर्ट लाइन बुडाली, हजारो पर्यटक परदेशात अडकले. पुढच्याच वर्षी कायदा करून प्रवाशांसाठी राखीव निधी उभा केला. २०१९ मध्ये थॉमस कुक बुडाली तेव्हा सुमारे दीड लाख लोकांना सरकारी यंत्रणेने घरी आणलं. आपल्याकडे तसा निधी नाही.

छोट्या विमानतळांना हे जास्त लागतं. नांदेडला एप्रिल २०१७ मध्ये उडान योजनेत ट्रूजेटचं हैदराबाद विमान सुरू झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेट थांबली. मुंबईत एक कंपनी गेली तर दुसरीचं तिकीट मिळतं, महाग का होईना. एकाच कंपनीवर चालणाऱ्या गावात पैशांबरोबर विमानही जातं. बेलोऱ्याची कंपनी सरकारी आहे, तिच्याबद्दल मला काही सुचवायचं नाही. पण तिकीट कुठल्याही कंपनीचं असो, ‘पैसे भरा’ दाबण्याआधी कोणत्या रांगेत उभे राहतोय, तेवढं बघून घ्या.