पूर्णेत नेमके कुठले?

शिकायला औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आलो, तेव्हा पदमपुऱ्यात एक खोली बघायला गेलो होतो. घरमालकांनी गाव विचारलं. "पूर्णा," मी म्हणालो.

"पूर्णेत नेमके कुठले?"

"स्टेशनजवळ."

आमचं गाव रेल्वे जंक्शन, त्यामुळे हे उत्तर सहसा चालून जातं. त्यांना चाललं नाही. वस्तीचं नाव सांगावं लागलं, आणि रिकामी खोली अचानक कुणा पाहुण्यांसाठी ठेवलेली निघाली.

नंतर मी त्या शहरातल्या नावांच्या मागे लागलो. पदमपुरा हे नाव बिकानेरच्या पदमसिंहाचं. नवरात्रात जिथे देवीची यात्रा भरते तो कर्णपुरा त्याच्या वडिलांचा, राजा कर्णसिंहाचा. जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांचा. १६६५ साली शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह केला तेच हे. मोगलांचे सरदार दख्खनच्या मोहिमेवर आले की वर्षानुवर्षं मुक्काम पडायचा. तळाभोवती शिपाई, कारागीर, व्यापारी वसायचे आणि ती वस्ती सरदाराच्या नावानं ओळखली जायची. तोच पुरा.

शहराचं नावही असंच बदलत आलं. मलिक अंबरनं १६१० साली खडकीला राजधानी वसवली. त्याच्यानंतर मुलगा फतेहखान यानं तिचं फतेहनगर केलं, औरंगजेबानं १६५३ साली औरंगाबाद, आणि २०२३ साली ते छत्रपती संभाजीनगर झालं. सत्ता बदलली की पाटी बदलते.

पुरे मात्र टिकले. पदमसिंह कोण, हे तिथल्या रिक्षावाल्याला विचारून बघा. नाव वापरून वापरून झिजलं आणि त्याचा निव्वळ पत्ता उरला.

आमच्या वस्तीचं जुनं नाव तसं झिजत नव्हतं. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती ही नावं कुणा सरदाराची नाहीत, तिथं राहणाऱ्यांच्या जातीची आहेत. पत्ता सांगितला की जात सांगून होते.

नाव बदलून मागायची किंमत मराठवाड्याला ठाऊक आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला, आणि गावोगाव दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. एका पाटीसाठी साडेपंधरा वर्षं. तीही तडजोडीची, कारण 'मराठवाडा' हा शब्द नावात ठेवूनच ती लागली.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. त्याऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. कित्येक ठिकाणी लोकांनी हे आधीच केलं होतं. सरकारी कागद मागून आला.

यानं काय बदललं? भीमनगर म्हटलं तरी समोरच्याला कळायचं ते कळतंच. पण जुनं नाव गावानं आम्हाला चिकटवलं होतं, हे आम्ही निवडलेलं आहे. सांगताना आवाज खाली जात नाही.

परवा गावाकडच्या मित्राचा धाकटा भाऊ शिकायला आला. खोली बघायला मीही सोबत गेलो. "पूर्णेत नेमके कुठले?" हा प्रश्न आलाच. मी सवयीनं "स्टेशनजवळ" म्हणणार, तेवढ्यात त्यानं वस्तीचं नवं नाव सांगून टाकलं.

घरमालक जरा थांबले. मग भाड्याचं बोलायला लागले.