आयर्लंडच्या जनगणनेतून पूर्वजांचा माग
आयर्लंडमध्ये 1821 ते 1911 या काळात दर दहा वर्षांनी जनगणना झाली, तरी त्यांपैकी पूर्वज शोधणाऱ्याच्या हाती पूर्ण स्वरूपात फक्त 1901 आणि 1911 च्या नोंदी येतात. 1861 व 1871 ची पत्रके सरकारनेच नष्ट केली. 1881 व 1891 ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेली. 1821 ते 1851 ची बहुतेक पत्रके 30 जून 1922 रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील अभिलेखागारासह जळाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील मोठ्या दुष्काळापूर्वीची कितीतरी कुटुंबे त्या आगीत कागदावरून कायमची पुसली गेली.

उरलेली पत्रके मात्र बोलकी आहेत. घरातील प्रत्येकाचे नाव, वय, धर्म, व्यवसाय, अक्षरओळख आणि आयरिश भाषेचे ज्ञान त्यांत आहे. 1911 मध्ये विवाहित स्त्रियांना किती मुले झाली आणि किती हयात आहेत, हेही विचारले गेले. बालमृत्यूचे दुःख तिथे दोन आकड्यांत दिसते.

वयावर विसंबू नये. 1909 पासून सत्तरीच्या वृद्धांना पेन्शन मिळू लागले आणि 1911 च्या पत्रकांत अनेकांचे वय दहा वर्षांत पंधरा-वीस वर्षांनी वाढलेले आढळते. सर्वांची जन्मनोंदणी 1864 मध्ये सुरू झाल्याने पेन्शनसाठी अर्ज करणाऱ्या या वृद्धांकडे जन्माचा दाखला नव्हता. म्हणून 1841 व 1851 च्या जनगणनेत त्यांचे बालपणीचे घर शोधले जाई. त्या शोधांचे अर्ज टिकले आहेत, आणि जळालेल्या पत्रकांतील काही कुटुंबे आज केवळ त्यांच्यामुळे सापडतात.