जनमत कौल, १९६७ : वृत्तपत्रे आणि लोकव्यासपीठे

गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून स्वतंत्र राहावे, या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांनी मतदान केले. स्वतंत्र भारतात एखाद्या प्रदेशाच्या विलीनीकरणाचा निर्णय मतपेटीतून झाल्याची उदाहरणे विरळ आहेत. या निर्णयाआधी वृत्तपत्रांचे स्तंभ, जाहीर सभा आणि गाण्यांचे कार्यक्रम यांतून प्रदीर्घ वाद झडला. छोट्या प्रदेशातील लोकचर्चा कशी घडते, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी
सालाझारच्या राजवटीत वृत्तपत्रांवर सेन्सॉरचा अंकुश होता आणि परवानगीवाचून जाहीर सभा घेण्यास मनाई होती. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे मोडली ती हीच बंदी. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा मोकळेपणाने बोलण्याची संधी अनेकांना प्रथमच लाभली. डिसेंबर १९६३ मधील पहिल्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने ३० पैकी १६ जागा जिंकल्या, डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. निवडणुकीतील बहुमत हाच विलीनीकरणाचा कौल मानावा, असे एका बाजूचे म्हणणे होते. एवढ्या मोठ्या प्रश्नावर लोकांना स्वतंत्रपणे विचारावे, असा दुसऱ्या बाजूचा आग्रह होता. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा संमत केला. मतदान निःपक्षपाती वातावरणात व्हावे म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने त्याच महिन्यात राजीनामा दिला.

वृत्तपत्रांचा वाद
२४ मार्च १९६२ रोजी पणजीत सुरू झालेले ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने उभे होते. १९६३ मध्ये मडगावहून निघालेल्या ‘राष्ट्रमत’ने विरोधी बाजू मांडली. त्यातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर विशेष गाजले. लक्षणीय बाब अशी की, हा विरोध मराठीतूनच व्यक्त झाला. मराठी वाचणारा मतदार विलीनीकरणाकडे झुकलेला असल्याचे मानले जाई. त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर त्याच्या वाचनाच्या भाषेत बोलणे भाग होते. त्यामुळे मराठीविषयीचे प्रेम आणि महाराष्ट्रात विलीन होण्याची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हा मुद्दा मराठी वाचकांपुढे आला.

सभा आणि गाणी
वृत्तपत्र न वाचणाऱ्यांपर्यंत हा वाद सभांमधून आणि कोंकणी गाण्यांमधून गेला. उल्हास बुयांव यांच्या गायनाने विलीनीकरणविरोधी प्रचाराला मोठे बळ दिले. प्रचाराची चिन्हेही सुटसुटीत होती : विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पाने. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही प्रश्न समजावा, अशी ही योजना होती.

निकाल आणि परिणाम
गोव्यात संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१, तर विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली; अंतर ३४,०२१ मतांचे होते. पराभूत बाजूने कौल स्वीकारला. अवघ्या काही आठवड्यांनी, मार्च १९६७ च्या निवडणुकीत मतदारांनी पुन्हा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच सत्ता दिली. पक्षावरील विश्वास आणि विलीनीकरणाचा प्रश्न मतदारांनी वेगवेगळे तोलले, असा याचा अर्थ होतो. ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला.

मर्यादा
छापील वादामुळे कटुता टळतेच, असे नाही. जनमत कौलाने भाषेचा प्रश्न सोडवला नव्हता. राजभाषेच्या आंदोलनाला डिसेंबर १९८६ मध्ये हिंसक वळण लागले आणि काहींचे प्राण गेले. ४ फेब्रुवारी १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद केली. १९६७ मध्ये प्रश्न नेमका होता, निर्णयाचा दिवस ठरलेला होता आणि दोन्ही बाजूंना आपापले वृत्तपत्र होते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणूनच तो वाद मतपेटीपाशी येऊन थांबू शकला.